जहाजावरील पंगत आणि पोशाखाचा नियम

अन्न आणि वस्त्र हे दोन शब्द आपल्या बोलण्यांत नेहमी जोडीनें येतात. परंतु त्या दोहोंचा परस्परांशीं काय संबंध आहे याचा विचार आपण क्वचितच करतों. काय खावें याविषयीं घरोघरीं पुष्कळ चर्चा होते. काय नेसून खावें हा प्रश्न मात्र आतां श्राद्धपक्ष आणि कुळधर्म यांपुरताच उरला आहे, अशी आपली समजूत असते. ती समजूत फारशी खरी नाहीं. अलीकडे हाच प्रश्न एका अगदीं अनपेक्षित वाटेनें आमच्या बीड जिल्ह्यासारख्या कोरड्या मुलखांतील घरांत पुन्हां शिरूं लागला आहे. ती वाट समुद्राची आहे.

मुलगा पुण्यास किंवा परदेशीं चांगल्या नोकरीवर असतो. आईवडिलांच्या विवाहास पन्नास वर्षें होतात, किंवा वडिलांची पंचाहत्तरी येते. पूर्वीं अशा वेळीं काशीयात्रा घडवीत. आतां मुलें आईवडिलांस ‘क्रूझ’वर, म्हणजे जलसफरीच्या जहाजावर, घेऊन जातात. तिकिटांबरोबर सूचनांचा एक कागद येतो. त्यांत कोणत्या रात्रीं कोणता पोशाख करावा याचें कोष्टक असतें: एके रात्रीं ‘कॅज्युअल’, म्हणजे साधा, दुसऱ्या रात्रीं ‘स्मार्ट कॅज्युअल’, म्हणजे साधा पण नीटनेटका, तिसऱ्या रात्रीं ‘फॉर्मल’, म्हणजे समारंभाचा. शिवाय जहाजावर जीं खास भोजनगृहें असतात, त्यांचा नियम आणखी निराळा. हा कागद वाचून घरांतील वडील माणसें गोंधळतात, आणि कित्येकदां मनांतून दुखावतातहि. ‘आम्ही जन्मभर जें ल्यालों तें आतां जेवणाच्या पाटावर बसण्यासहि चालत नाहीं काय?’ असा त्यांचा प्रश्न असतो. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. म्हणून या नियमाचें मूळ काय, त्यांत ग्राह्य काय आणि अग्राह्य काय, याचा थोडा विचार वाचकांपुढें मांडावा असें योजिलें आहे.

आगबोटींतील भोजनगृह

१८६९ च्या नोव्हेंबरांत सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई व विलायत यांमधील अंतर एकदम कमी झालें. १८३७ सालीं स्थापन झालेल्या पी. अँड ओ. कंपनीच्या टपालाच्या आगबोटी मग मुंबईच्या बंदरांतून नियमानें सुटूं लागल्या. त्या बोटींवर वर्ग होते, आणि वर्गाप्रमाणें जेवणाच्या जागा होत्या. पहिल्या वर्गाच्या भोजनगृहांत सायंकाळच्या जेवणाची सूचना बिगुल वा घंटा वाजवून देत. मग पुरुष काळा कोट घालून आणि स्त्रिया लांब झगे घालून टेबलाशीं येत. कप्तानाच्या टेबलाशीं कोणास बसावयास मिळतें यास मोठें महत्त्व असे. आपल्याकडील लग्नाच्या पंगतींत व्याह्यांच्या पाटाशेजारीं कोण बसतो यास जितकें महत्त्व असतें, तितकेंच.

या कडक नियमासहि अपवाद होते, आणि ते समजण्यासारखे आहेत. पहिल्या आणि शेवटच्या रात्रीं समारंभाचा पोशाख करण्याचें बंधन नसे; कारण पहिल्या दिवशीं पेट्या उघडलेल्या नसतात आणि शेवटच्या दिवशीं त्या बांधून झालेल्या असतात. तांबड्या समुद्रांत बोट शिरली म्हणजे उन्हाळा इतका असह्य होई, कीं कोट काढून नुसत्या सदऱ्यावर कमरेस रुंद पट्टा बांधून जेवण्याची मुभा मिळे. त्या पोशाखास तांबड्या समुद्राचेंच नांव पडलें आहे. गंमत अशी, कीं तो पट्टा म्हणजे आपला ‘कमरबंद’. हिंदुस्थानांतील उष्ण हवेंत गोऱ्या अधिकाऱ्यांस कोटाखालील जाकीट सोसवेना, म्हणून त्यांनीं कमरबंद उचलला आणि नांवासकट विलायतेस नेला. आज लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या मेजवानींत जो पोशाख अस्सल पाश्चात्त्य म्हणून मिरवतो, त्याच्या मध्यभागीं आपल्याकडील एक वस्त्र बसलेलें आहे!

जादा पैसे देऊन जेवावयाच्या खास भोजनगृहाची कल्पनाहि जुनीच आहे. १९०५ सालीं हांबुर्ग-अमेरिका कंपनीच्या ‘अमेरिका’ नांवाच्या जर्मन बोटीवर रिट्झ-कार्लटन या नांवानें असें स्वतंत्र भोजनगृह निघालें. सामान्य भोजनगृहांत ठरलेल्या वेळीं ठरलेलें अन्न मिळे. येथें उतारूनें आपल्या इच्छेस येईल तो पदार्थ मागवावा आणि त्याचे वेगळे पैसे द्यावे, अशी व्यवस्था होती. १९१२ सालीं पहिल्याच सफरींत बुडालेल्या ‘टायटॅनिक’वरहि पहिल्या वर्गासाठीं असें एक भोजनगृह होतें.

पुढें १९५८ पासून अटलांटिक महासागरावरून जेट विमानें जाऊं लागलीं आणि प्रवासाचें साधन म्हणून आगबोटीचे दिवस संपले. तेव्हां जहाजवाल्यांनीं आपला धंदा पालटला. एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाण्याकरितां नव्हे, तर जहाजावर राहण्याकरितांच लोकांनीं जहाजावर यावें, अशी योजना त्यांनीं केली. हीच आजची क्रूझ. तिच्या भाड्यांत मोठ्या भोजनगृहांतील जेवण धरलेलें असतें. खास भोजनगृहें लहान असून तेथें जागा आधीं राखून ठेवावी लागते, व बहुधा निराळा आकार पडतो. एकांत इटलीचें अन्न, दुसऱ्यांत जपानचें, तिसऱ्यांत फ्रान्सचें, असा त्यांचा प्रकार असतो.

पोशाखाचे नियम मात्र दिवसेंदिवस सैल होत आहेत. नॉर्वेजियन या कंपनीनें २००० सालीं ठरलेली वेळ, ठरलेलें टेबल आणि सक्तीचा समारंभी पोशाख ही जुनी पद्धत मोडली. सेलिब्रिटी या कंपनीनें २०१५ सालीं आपल्या ‘फॉर्मल’ रात्री बंद करून थोडा सौम्य नियम केला. क्युनार्डसारख्या जुन्या इंग्रज कंपनीनें मात्र आपल्या खास समारंभाच्या रात्री अजून राखल्या आहेत. पण तेथेंहि काळ्या कोटाबरोबर आपापल्या देशाचा समारंभी पोशाख ग्राह्य धरला जातो. खास भोजनगृहांचा सर्वसाधारण नियम आज इतकाच दिसतो: पोहण्याचे कपडे, पुरुषांचे बिनबाह्यांचे गंजीफ्रॉक, फाटक्या विजारी, स्नानगृहांतील सपाता आणि डोक्यावरील खेळाच्या टोप्या नकोत, पुरुषांनीं पूर्ण लांबीची विजार, गळपट्टीचा सदरा आणि बंद पादत्राणें घालावीं. एवढ्या मागणींत अपमान वाटावा असें कांहीं आहे काय, हें पुढें पाहूं.

समुद्रापार गेलेलीं आपलीं माणसें

बीड जिल्ह्याचा आणि समुद्राचा संबंध नाहीं असें कोणी म्हणेल, तर त्यास अंबाजोगाईस यावयास सांगावें. मुंबईपासून चारशें किलोमीटरांहून अधिक दूर असलेली आमची योगेश्वरी ही कोंकणच्या किनाऱ्यावरील कितीएक चित्पावन घराण्यांची कुलदेवता आहे. पिढ्यान्‌पिढ्या हीं घराणीं समुद्रकांठाहून घाट चढून तिच्या दर्शनास येत आलीं आहेत. समुद्राकडून माणसें आमच्याकडे येत होतीं. आमचीं माणसें समुद्रावर जात नव्हतीं, एवढाच फरक. त्यास कारण होतें. बौधायनानें आपल्या धर्मसूत्रांत समुद्रयान हें पतनास कारण होणाऱ्या कर्मांत गणलें आहे. परदेशगमन करून आलेल्यास प्रायश्चित्त घ्यावें लागे, आणि त्या प्रायश्चित्ताच्या मुळाशीं मुख्यतः अन्नाचा व स्पर्शाचा प्रश्न असे.

हा प्रश्न सोडविण्याचे निरनिराळे मार्ग निरनिराळ्या लोकांनीं काढले. १९०२ सालीं जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणास निघाले, तेव्हां त्यांनीं ‘ऑलिंपिया’ नांवाची एक सबंध नवी आगबोटच भाड्यानें घेतली आणि चांदीच्या प्रचंड घागरींतून गंगाजळ बरोबर नेलें. ज्याला सबंध जहाज घेतां येतें त्याला दुसऱ्याच्या भोजनगृहाचा नियम पाळण्याची गरजच काय? पण हा राजाचा मार्ग झाला. तो आपल्या कामाचा नाहीं.

१८८८ च्या सप्टेंबरांत मोहनदास गांधी नांवाचा एक अठरा वर्षांचा तरुण मुंबईहून ‘क्लाइड’ बोटीनें विलायतेस निघाला. कांट्याचमच्यानें जेवतां येत नाहीं, कोणत्या पदार्थांत मांस आहे हें विचारण्याचें धैर्य होत नाहीं, म्हणून तो भोजनगृहांत गेलाच नाहीं. घरून नेलेली मिठाई आणि फळें यांवर त्यानें खोलींतच दिवस काढले. बोटीवर त्यानें काळा पोशाख वापरला आणि उतरतांना घालण्यासाठीं पांढऱ्या फ्लॅनेलचा पोशाख जपून ठेवला. सप्टेंबरच्या अखेरीस विलायतेच्या किनाऱ्यावर तो उतरला, तेव्हां पांढऱ्या कपड्यांत आपण एकटेच आहोंत, असें त्यास आढळलें व फार लाज वाटली. हें सर्व त्यांनीं स्वतःच आपल्या आत्मचरित्रांत लिहिलें आहे. तेच गांधीजी १९३१ सालीं गोलमेज परिषदेस ‘राजपुताना’ बोटीनें गेले, तेव्हां पंचा नेसून गेले, आणि त्याच वेषानें बकिंगहॅम राजवाड्यांतील चहापानासहि गेले. वस्त्र पूर्वींपेक्षां पुष्कळच कमी झालें होतें, पण लाज नाहींशी झाली होती. लाज ही वस्त्राच्या अभावांत नसून मनाच्या अनिश्चयांत असते, हें यावरून दिसतें.

परंतु या बाबतींत मला अधिक बोधप्रद वाटतें तें आपल्या आनंदीबाई जोशी यांचें उदाहरण. १८८३ च्या फेब्रुवारींत श्रीरामपूर येथील भाषणांत त्यांनीं आपण हिंदु म्हणूनच जाऊं आणि हिंदु म्हणूनच परत येऊं, असें निक्षून सांगितलें, आणि ७ एप्रिल १८८३ रोजीं अवघ्या अठरा वर्षांच्या वयांत कलकत्त्याहून त्या बोटीवर चढल्या. अमेरिकेंत त्यांनीं लुगडें सोडलें नाहीं. मात्र तेथील थंडींत नऊवारी लुगड्यानें पाय उघडे राहतात असें अनुभवास आल्यावर त्यांनीं गुजराती पद्धतीनें साडी नेसण्यास आरंभ केला. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांनीं घेतली. त्यांच्या विद्यार्थिदशेंतील साडींतलें छायाचित्र आज जगभर पाहिलें जातें. नेसण्याची रीत त्यांनीं बदलली. स्वत्व बदललें नाहीं. कोठें वांकावें आणि कोठें वांकूं नये याचा इतका स्पष्ट विवेक पुष्कळ मोठ्या वयाच्या माणसांतहि आढळत नाहीं.

आपल्या घरांतील नियम

आतां आपल्या स्वयंपाकघराकडे वळूं. जेवणाच्या वेळच्या पोशाखाचा जगांतील अत्यंत कडक नियम कोणता, असें कोणी विचारल्यास मी सोवळ्याचें नांव घेईन. स्नान करून, धुतलेलें वस्त्र कोणाचाहि स्पर्श होणार नाहीं अशा उंच दांडीवर काठीनें वाळत घालावयाचें. सकाळीं तें काठीनेंच काढून नेसावयाचें. रेशमी मुकटा किंवा कद असल्यास उत्तम. लोंकरीची धाबळी असल्यास तीहि चालेल. मग पाटावर बसावयाचें. इंग्रजांच्या काळ्या कोटाचा नियम याच्यापुढें अगदींच सैल म्हणावा लागेल!

शास्त्रदृष्टीनें पाहिलें तर साम्य आणि विरोध दोन्ही मनोरंजक आहेत. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत एकच वस्त्र नेसून अन्न खाऊं नये असा निषेध आहे. म्हणून धोतरावर उपरणें हवें. पाश्चात्त्य भोजनगृहांत नुसत्या सदऱ्यावर येऊं नका, वरून कोट घाला, असें जें सांगतात, तें तत्त्वतः हेंच नव्हे काय? तिसऱ्या अध्यायांत श्राद्धप्रकरणीं, डोकें गुंडाळून किंवा पायांत जोडा घालून जेवलेलें अन्न राक्षसांस पोंचतें असें म्हटलें आहे. डोक्याच्या बाबतींत पाश्चात्त्यांचेंहि मत तेंच आहे; टोपी घालून टेबलाशीं बसणें ते असभ्य मानतात. पायांच्या बाबतींत मात्र ते बरोबर उलट आहेत: जोड्यावांचून त्यांच्या भोजनगृहांत प्रवेश नाहीं, आणि जोड्यासह आमच्या स्वयंपाकघरांत प्रवेश नाहीं. आपण जमिनीवर पाट मांडून बसतों, ते खुर्चीवर बसतात, हा भेद लक्षांत घेतला म्हणजे या विरोधाचा उलगडा होतो.

आमच्या मराठवाड्यास तर पोशाखाची दुहेरी शिस्त चांगलीच ठाऊक आहे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. सरकारदरबारीं जाणाऱ्यास गळ्यापर्यंत गुंड्यांची शेरवानी लागे. खाशा दरबारांत डोक्यास दस्तार आणि कमरेस ‘बुगलूस’ नांवाचा पट्टा असल्यावांचून गत्यंतर नसे. त्या काळचे ब्राह्मण वकील आणि कारकून दिवसभर शेरवानींत वावरत, आणि घरीं येतांच ती खुंटीस अडकवून, हातपाय धुऊन, मुकटा नेसून पानावर बसत. त्यांना त्यांत विसंगति वाटली नाहीं. जेथील नियम तेथें पाळावा, आणि घरीं घरचा पाळावा, इतकी साधी त्यांची वृत्ति होती.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. जुन्या घरांत यजमानाच्या दांडीवर दोनचार मुकटे अधिक असत. पाहुणा आयत्या वेळीं आला तर ‘आपणांजवळ सोवळें नाहीं, तेव्हां बाहेर बसा’ असें त्यास म्हणत नसत. स्नानास ऊन पाणी आणि नेसण्यास मुकटा देत. पश्चिमेकडील कित्येक जुन्या नामांकित भोजनगृहांतहि दाराशीं चारसहा कोट टांगून ठेवण्याची चाल आहे; जो पाहुणा कोटावांचून येईल त्यास तो तेवढ्यापुरता देतात. पाहुण्यास नियम पाळण्यास साहाय्य करणें हें नियम करणाराचें कर्तव्य आहे, ही जाणीव दोन्हीकडे सारखीच दिसते.

नियमाची काळी बाजू

येथवर नियमाची चांगली बाजू झाली. परंतु ज्यानें चाळीस वर्षें पोरांना शिकविलें त्यास नियम कसा बिघडतो हेंहि ठाऊक असतें. शाळेचा गणवेश गरीब-श्रीमंत मुलें एका बांकावर सारखीं दिसावीं म्हणून काढला. पण ज्याच्यापाशीं तो विकत घेण्यास पैसे नाहींत त्यास दाराबाहेर उभें केलें, कीं तोच गणवेश विषमतेचें साधन होतो.

आपल्या सोवळ्याचें असेंच झालें, हें आपण मोकळ्या मनानें कबूल केलें पाहिजे. वस्त्राच्या शुद्धतेचा नियम हळूहळू माणसाच्या शुद्धतेचा नियम बनला. मळलेलें वस्त्र धुतां येतें; जन्म कोणास धुतां येत नाहीं. ओसरीवर, अंगणांत आणि गांवकुसाबाहेर किती माणसें आपण पिढ्यान्‌पिढ्या बसविलीं, आणि घरांतल्याच विधवेस आलवण नेसवून पंगतीच्या दृष्टीआड कसें लोटलें, हें आठवलें म्हणजे मान खालीं जाते. साने गुरुजींनीं १९४७ च्या मे महिन्यांत पंढरपुरास प्राणांतिक उपोषण केलें, तें असाच एक दरवाजा उघडण्यासाठीं. ते एके काळीं आमच्यासारखेच शाळामास्तर होते.

पाश्चात्त्य पद्धतीच्या संस्थांतहि हा दोष आहे. १९८८ सालीं मुंबईच्या विलिंग्डन क्लबांत चित्रकार हुसेन यांस ते अनवाणी असल्यामुळें प्रवेश मिळाला नाहीं. २०१४ च्या जुलैंत मद्रास उच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश चेन्नईच्या एका क्लबांत समारंभास गेले असतां, अंगावर वेष्टी, म्हणजे तिकडील धोतर, आहे म्हणून त्यांस दारांतून परत फिरावें लागलें. स्वतःच्या देशांत, स्वतःच्या प्रांतांत, स्वतःचें धोतर नेसल्याबद्दल! यावर मोठा गदारोळ होऊन तामिळनाडूच्या विधिमंडळानें त्याच वर्षीं कायदा केला. क्लब, सभागृहें वगैरे सार्वजनिक ठिकाणीं भारतीय पोशाखाबद्दल कोणास अडविल्यास एक वर्षापर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षा त्यांत सांगितली आहे. आपल्या वस्त्रासाठीं आपल्याच घरीं कायद्याचा आधार घ्यावा लागावा, ही स्थिति मोठी विचार करण्यासारखी आहे.

मग नियम चांगला कोणता आणि वाईट कोणता? माझ्या मतें तीन कसोट्या पुरेशा आहेत. पहिली, नियम पाहुण्यास आधीं व स्पष्ट सांगितला आहे काय? दारांत आल्यावर सांगितलेला नियम हा नियम नव्हे, तो अपमान होय. दुसरी, पाहुण्यानें आपल्या देशाचें उत्तम वस्त्र स्वच्छ नेसून तो पाळतां येतो काय? येत असेल तर तो भोजनाचा मान राखतो. येत नसेल तर तो केवळ एका समाजाचा अहंकार राखतो. आणि तिसरी, ज्यास तो पाळावयाचा नाहीं त्यास उपाशी राहावें लागतें काय? जहाजांपुरतें बोलावयाचें तर पहिली आणि तिसरी कसोटी बहुधा उतरते. कारण कागद आधीं येतो, आणि खास भोजनगृहांत जावयाचें नसल्यास ज्यास जें हवें तें स्वतः वाढून घेण्याचें दुसरें मोकळें भोजनगृह असतें. दुसऱ्या कसोटीबद्दल मात्र प्रत्येक कंपनीस आधीं विचारणें शहाणपणाचें.

व्यवहाराच्या चार गोष्टी

मुंबईहून अशा सफरी आतां नव्या राहिल्या नाहींत. २०१६ च्या अखेरीस ‘कोस्टा निओक्लासिका’ हें इटालियन जहाज मुंबईहून मालदीवकडे जाऊं लागलें. २०१८ सालीं कान्होजी आंग्रे यांची आठवण देणारें ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालें होतें. आणि २०२१ च्या सप्टेंबरांत कॉर्डेलिया कंपनीचें ‘एम्प्रेस’ हें १९९० सालीं बांधलेलें जुनें जहाज मुंबईहून फिरूं लागलें. म्हणून ज्या घरांत असा बेत चालला असेल त्यांच्यासाठीं कांहीं सूचना देतों.

आमच्या गांवांतील एका परिचित घरीं गेल्या वर्षीं असाच प्रसंग आला. आजोबा आयुष्यभर धोतर नेसलेले. सूनबाईंनीं मोठ्या हौसेनें त्यांच्यासाठीं विजार-कोट शिवावयास टाकला. आजोबा कोणास कांहीं बोलले नाहींत; फक्त ‘तुम्ही सगळे जेवून या, मी खोलींत दहीभात खाईन’ एवढेंच म्हणाले. हें ऐकून घरांत सर्वांचाच विरस झाला. ज्यांच्यासाठीं सहल काढली तेच पंगतीस नसतील, तर त्या पंगतीस काय अर्थ? त्यांनीं मला विचारलें, तेव्हां मीं एवढेंच सुचविलें, कीं शिंप्याकडे जाण्यापूर्वीं कंपनीस एक पत्र पाठवावें. तसें त्यांनीं केलें. उत्तर आलें, कीं भारतीय समारंभी पोशाख चालतो. धोतरावर बंद गळ्याचा कोट आणि पायांत बंद जोडा असावा. आजोबांकडे त्यांच्या वडिलांचा तसा कोट होताच. तो उसवून थोडा मोठा केला, आणि आजोबा सर्वांबरोबर टेबलाशीं बसले.

तेव्हां पहिली गोष्ट ही, कीं आधीं विचारावें. दोन प्रश्न स्पष्ट लिहावे: आमचा राष्ट्रीय पोशाख खास भोजनगृहांत चालेल काय, आणि अंडें व मासळीचा रसहि नसलेलें शुद्ध शाकाहारी अन्न तेथें मिळेल काय? दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा आहे. पुष्कळ वेळां मंडळी पोशाखाची सर्व तयारी करून जातात, आणि आंत गेल्यावर खाण्याजोगें कांहींच नाहीं असें आढळतें.

दुसरी गोष्ट, स्त्रियांनीं निश्चिंत असावें. नेटकी नेसलेली साडी समारंभाच्या कोणत्याहि रात्रीं शोभून दिसते. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेस गोदावरी ओलांडली कीं पैठण लागतें. तेथील पैठणी कपाटांत नुसती घडी घालून ठेवण्यापेक्षां अशा वेळीं नेसावी. उघड्या डेकवर वारा फार असतो. तेथें पांचवारीच्या निऱ्या सांवरीत बसण्यापेक्षां कासोट्याचें नऊवारी लुगडें किती सोयीचें, हें आजीबाईंस सांगावयास नकोच. भोजनगृहांत मात्र थंड हवेचीं यंत्रें जोरांत चालतात. म्हणून शाल बरोबर असावी.

तिसरी, पुरुषांनीं एक बंद गळ्याचा कोट, एक चांगला लांब सदरा व वरचें जाकीट, आणि एक काळा बंद जोडा एवढें नेल्यास सर्व रात्री निभतात. चपलांचा मात्र आग्रह धरूं नये. धोतर जेथें चालतें तेथेंहि उघड्या चपलेस हरकत घेतात. एका रात्रीसाठीं महागडा विलायती पोशाख शिवून तो पुढें जन्मभर पेटींत ठेवणें हा शुद्ध अपव्यय होय.

चौथी गोष्ट वाढणाऱ्यांविषयीं. टेबलाशीं उभा असलेला, कडक इस्त्रीच्या गणवेशांतील जो तरुण आपणांस वाढतो, तो पुष्कळदां गोव्याचा किंवा मुंबईचा असतो. पी. अँड ओ.च्या काळापासून गोव्याचीं माणसें आगबोटींवर आचारी व वाढपी म्हणून नांवाजलेलीं आहेत. मुंबईंत बोटीची वाट पाहत ते आपापल्या गांवाच्या ‘कूड’ नांवाच्या बिऱ्हाडांत राहत. महिनेच्या महिने घर सोडून तो राबत असतो. त्याच्याशीं आपल्या भाषेंत दोन गोड शब्द बोलावे. पोशाखाचा सर्वांत कडक नियम त्यालाच लागू आहे, आणि त्याला तो मोडण्याची मुभा नाहीं.

शेवटीं इतकेंच सांगावेंसें वाटतें. नियम घरचा असो वा जहाजावरचा, भोजनापूर्वीं माणसानें थोडें थांबावें, अंग स्वच्छ करावें, नीटनेटकें व्हावें आणि मग अन्नासमोर बसावें, हा त्यांतील हेतु चांगला आहे. अन्नास आपण पूर्णब्रह्म म्हणतों, तेव्हां त्याच्यासमोर कसेंहि येऊन बसणें बरें नव्हे. पण त्याच अन्नाच्या नांवानें कोणास दाराबाहेर उभें करणें हें त्याहूनहि वाईट. धोतर नेसलेला आजोबा, पैठणी नेसलेली आजी आणि विजार घातलेला नातू एकाच टेबलाशीं मोकळ्या मनानें बसूं शकतील, एवढा रुंद दरवाजा ज्या नियमास आहे, तो नियम आनंदानें पाळावा. ज्यास तो नाहीं, तेथें न जेवतां परत यावें; आपल्या घरीं दहीभात आहेच.